दुसऱ्याच्या घामाचं जळण

श्रमप्रतिष्ठेवर मी आयुष्यात एकच भाषण केलं, आणि त्याच संध्याकाळपासून आमच्या घरात चूल पेटेनाशी झाली.

भाषण करणं हे माझं काम नव्हे. मी पौडच्या विकास कचेरीतला साधा कारकून. भाषणं करायला आमच्याकडे वेगळा पगारी माणूस होता. पण त्या दिवशी त्याला हिवताप भरला आणि साहेबांनी त्याचं टाइप केलेलं भाषण माझ्या हातात कोंबून मला भरे गावी पिटाळलं. भाषण चांगलं होतं. त्यात घामाचे मोती जागोजाग सांडले होते. मारुतीच्या देवळापुढं मंडळी बसली होती. मी वाचत होतो, मंडळी तंबाखू मळत होती, म्हणजे सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून गोजराबाई उठल्या. गोजराबाई म्हणजे ज्यांच्याशी बोलताना गावचा पाटीलसुद्धा जमिनीकडं बघतो अशा बाई.

"भाऊसायेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरचं लाकूड कोन फोडतंय?"

उत्तर सरळ होतं. आमच्या घरचं लाकूड बहिरू फोडायचा. आठवड्यातून एकदा खांद्यावर कुऱ्हाड टाकून यायचा, फोडायचा, चहा प्यायचा आणि जायचा. पण हातातल्या कागदात बहिरू कुठंच नव्हता, घामाचे मोती तेवढे होते. मंडळी तंबाखू मळायची थांबली. आणि मी, ज्यानं शाळेत असताना पेन्सिलीला टोकसुद्धा शेजारच्या मुलाकडून करून घेतलं, छाती पुढं काढून बोलून गेलो, "आजपासून दुसऱ्याच्या घामाचं जळण माझ्या चुलीत जाणार नाही!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस जितका बिघडतो तितका दारूनंही बिघडत नसावा. परतताना पिरंगुटपर्यंत मी एकटाच हसत चाललो होतो.

घरी पोचलो तर बातमी माझ्याआधी येऊन बसलेली. कचेरीचा शिपाई वाल्मीक सायकलवरून पुढं आला होता आणि येता येता भेटेल त्याला सांगत आला होता. आमच्या सौभाग्यवती, म्हणजे द्वारका, विझलेल्या चुलीसमोर पाटावर शांतपणे बसल्या होत्या. ही शांतता मला चांगली ठाऊक आहे.

"अगं, स्वयंपाक?"

"कोपऱ्यातली लाकडं बहिरूनं फोडलेली आहेत. गोवऱ्या सारजाबाईंनी थापलेल्या आहेत. तुम्ही काही सूट ठेवली होती का?"

सूट ठेवली नव्हती. भाषणात कोणी सूट ठेवत नाही.

"अगं, भाषणात तसं बोलायची पद्धत असते."

"मग भाषणातच जेवायचं," द्वारका म्हणाली आणि माझ्यापुढं दही-पोह्यांची वाटी सरकवली. ती स्वतः आमच्या घरमालकीणबाईंकडे, सारजाबाईंकडे, जेवायला गेली. व्रत मी घेतलं होतं, तिनं नव्हे. परत आली तेव्हा तिच्या तोंडाला पिठल्याचा वास येत होता.

गुपचूप माघार घेता आली असती. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून सगळ्या कचेरीसमोर पाठीवर थाप मारली. "करंबेळकर, शाब्बास! आदर्श घालून दिलात. मी वर कळवतोय." एकदा गोष्ट वर गेली की ती खाली आणायची सोय सरकारात नाही. तेव्हा लाकूड फोडणं आलं, आणि लाकूड फोडायचं म्हणजे कुऱ्हाड आली. गाडीभर बाभळीचे ओंडके अंगणात पडलेलेच होते. पौषातल्या थंडीत सकाळी गार पाण्यानं अंघोळ करून मी त्यांच्याकडे बघत उभा राहायचो, आणि ते माझ्याकडे.

नेमका बहिरू खांद्यावर कुऱ्हाड टाकून आला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं.

"मंग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"तू श्रम कर."

"कुटं?"

ह्याचं उत्तर टाइप केलेल्या भाषणात नव्हतं. श्रमाला प्रतिष्ठा आली आणि बहिरूचं काम गेलं, एवढाच काय तो आमच्या योजनेचा त्या महिन्यातला ठोस परिणाम. त्याची कुऱ्हाड तरी उसनी मागावी म्हटलं, तर द्वारका आतून म्हणाली, "बहिरूची कुऱ्हाड म्हणजे बहिरूचाच हात." बहिरूनं मान डोलावली, कुऱ्हाड खाली ठेवली, अंगणाच्या दगडी गडग्यावर चढून बसला आणि खिशातून शेंगा काढल्या. त्या दिवसापासून तो रोज सकाळी कामाला आल्यासारखा वेळेवर येऊन तिथं बसू लागला.

सारजाबाईंचे यजमान हैबतराव पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मिशांकडं बघूनच कुत्री गप्प व्हायची. ते आपली कुऱ्हाड घेऊन आले.

"हात् तिच्या! लाकूड फोडायला काय लागतंय? आमी बर्माच्या लढाईत आख्खंच्या आख्खं जंगल साफ केलं. पाय फाका. छाती पुढं. नजर समूर. मी तीन म्हनलं की हाना."

ते तीन म्हणाले. मी हाणलं. कुऱ्हाड लाकडात शिरली आणि तिथंच राहिली. ओढली, येईना. हिसडली, येईना. ओंडक्यावर पाय देऊन ओढली तेव्हा ओंडका उभा राहिला आणि मी बसलो. मग मी ती ओंडक्यासकट उचलली आणि पुन्हा आपटली, तेव्हा ती आणखी खोल गेली.

"भाऊसायेब," गडग्यावरून बहिरू म्हणाला, "लाकूड फोडत्यात. पाळन्यातल्यावानी झुलवत न्हाईत."

हैबतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "चूक तुमची न्हाई. ही कुऱ्हाड फांद्या सवळायची, छाटायची. पातळ हाय, रुतून बसती. फोडायला गाल फुगल्याली पायजे. नुसती धार नको, गाल पायजे गाल!" हे त्यांना माझ्या हाती ती देण्याआधीही ठाऊक होतं, असं दिसलं.

रविवारी पुण्याला गेलो. बोहरी आळीत दुकानदारानं गिऱ्हाईक ओळखून डझनभर कुऱ्हाडी पुढं मांडल्या. लग्नाला स्थळं दाखवावीत तशी एकेकीची माहिती तो सांगत होता. एक आखूड, एक लांब, एक नुसती घणाला धार लावल्यासारखी ओबडधोबड. "साहेब, झाड तोडायचंय का लाकूड फोडायचंय?" त्यानं विचारलं. मला पटकन गाल आठवले. पण फुगऱ्या गालांची ती ओबडधोबड बया हातात घेऊन लक्ष्मी रस्त्यानं चालायचं, आणि समोरून कोणी ओळखीचं आलं तर? मी ऐटीत म्हणालो, "दोन्ही," आणि एक सडपातळ, निळसर पाण्याची, आरशासारखी लखलखीत कुऱ्हाड उचलली. सुशिक्षित माणूस वस्तू निवडतो ती अशी. तिचं काम काय ते तो घरी गेल्यावर बघतो.

परतीच्या एस.टी.त कंडक्टरनं मला दारातच अडवलं. हत्यार घेऊन गाडीत बसता येणार नाही म्हणाला. हे हत्यार नसून अवजार आहे, असं मी त्याला पटवू लागलो. मागच्या एका बाईंनी, "आन् माज्या कोंबड्या उतरीवल्या व्हत्या मगाशी!" अशी तक्रार केली आणि सगळी गाडी माझ्याविरुद्ध गेली. शेवटी तोड निघाली. दांडा ठोकून काढायचा, पातं ड्रायव्हरच्या पायाशी आणि दांडा माझ्यापाशी. मी नुसता दांडा मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो. एक म्हातारा बराच वेळ माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर हायसा?"

वाटेत जंगल खात्याचा एक रखवालदार चढला. त्याची नजर दांड्यावर गेली.

"ह्ये काय?"

"कुऱ्हाडीचा दांडा."

"कुऱ्हाड कुटं हाय?"

"ड्रायव्हरजवळ."

"दोगं मिळून कुटं तोडायला निगाला?"

मी ताठ बसून म्हणालो, "मी सरकारी माणूस आहे."

"सरकारी मानसंच जादा तोडत्यात," तो म्हणाला आणि गाडी थांबवायला हात वर केला. आता सगळी गाडी माझ्यापायी खोळंबणार, हे बघून मला घाईघाईनं भाषणापासूनची हकीगत सांगावी लागली. त्याचा चेहरा एकदम पालटला. "म्हंजी ते उपाशी भाऊसायेब तुमीच व्हय?" त्यानं मला चक्क हात जोडले. कोंबडीवाल्या बाईंनी पदराची दोन केळी सोडून माझ्या हातात ठेवली. एखाद्या माणसाला तुरुंगात टाकलं तर तो मान वर करून जाऊ शकतो. केळी दिली तर काय करायचं? मी ती खाल्ली.

पुण्याची कुऱ्हाड अंगणात आली तेव्हा अर्धं पौड बघायला आलं होतं. मी नीट नेम धरला. तो नेमका गाठीवर बसला. ठण्ण आवाज झाला, माझे दात एकमेकांवर आपटले, आणि बघतो तर ओंडका जसाच्या तसा आणि कुऱ्हाडीची धार भाकरीच्या कडेसारखी दुमडलेली.

"पुन्याची हाय," बहिरू शेंग सोलत म्हणाला. "बोलायला चांगली."

मग मी नथू लोहाराकडं गेलो. नथू कारागीर होता आणि कारागिराला असतो तेवढा गर्व त्याला होता, शिवाय थोडा वरकड. त्यानं पुण्याची कुऱ्हाड दोन बोटांत धरली, हुंगली आणि भात्यामागं फेकून दिली. "तुमास्नी मी कुऱ्हाड करून देतो. भाऊसायेबांची कुऱ्हाड म्हंजी तालुक्यानं नाव काडलं पायजे." त्यानं मोडक्या लॉरीच्या कमानीचा पाटा काढला आणि कामाला लागला. मी रोज कचेरी सुटल्यावर जायचो आणि कुऱ्हाड रोज वाढलेली असायची. आधी तिला गाल आले, मग तिनं बाळसं धरलं, मग नथूनं तिच्यावर छिन्नीनं मारुती कोरला. मारुतीला गदा हवी म्हणून आणखी जागा लागली, म्हणून आणखी लोखंड आलं. झाली तेव्हा ती उचलायला मला दोन्ही हात आणि थोडा विचार लागत होता.

दांड्यावरून भांडण झालं. बहिरू म्हणाला, दांडा धामणीच्या लाकडाचाच पाहिजे, ती वाकते पण मोडत नाही. हैबतराव म्हणाले, धामण धनगरांच्या काठीला ठीक, सरकारी माणसाला साग शोभतो. आणि त्यांनी आपल्या जुन्या पलंगाची सागवानी दांडी तासून, वर रोगण फासून आणली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण माझ्यावर उपकार करणाऱ्याला नाही म्हणायची ताकद माझ्यात भरल्या पोटीसुद्धा नसते, मग दही-पोह्यांवर कुठून येणार? दांडा बसला. फार देखणा दिसत होता. एवढं झाल्यावर नथूनं बजावलं, "नवं लोखंड हाय, आवस सरल्याबिगर चालवू नगा." अवस सरेपर्यंत मी आणखी केळी खाल्ली. द्वारकेच्या अंगावर मात्र सारजाबाईंच्या हातचं तूप दिसायला लागलं होतं.

अवस सरली. सकाळी मी गार पाण्यानं अंघोळ केली, कुऱ्हाडीला हळदकुंकू वाहिलं, धोतर खोचलं, आणि तेवढ्यात रस्त्यावर बैलगाड्यांची घुंगरं वाजली. गाड्यांमधून भरे गाव उतरलं. बाप्ये, बाया, सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी, आणि पुढं गोजराबाई.

"भाऊसायेब, आमच्या पुढ्यात बोललासा आन् तवापास्नं उपाशी हायसा. उद्या काय बरंवाईट झालं तर पंचनामा आमच्या गावात व्हायचा. सरा बाजूला."

मी बाजूला सरलो. त्यांनी कामाला हात घातला आणि हैबतरावांना राहवेना. ते घरात गेले, बाहेर आले ते बिगूल घेऊन. पलटणीत ते बिगूल वाजवायचे आणि बाकी काहीच करत नसत, हे मला त्या दिवशी कळलं. बिगुलाच्या तालावर बाभूळ फुटत होती. आवाज ऐकून साहेब आले, मागोमाग त्यांची खुर्ची घेऊन वाल्मीक आणि त्याच्यामागं सगळी कचेरी. साहेबांचे डोळे पाणावले. "श्रमदान! आणि तेही उत्स्फूर्त! करंबेळकर, हे वर कळवलंच पाहिजे." दुपारपर्यंत अंगणात ढलप्यांचा माझ्या उंचीचा ढीग झाला. एकच ओंडका उरला, सगळ्यांत गाठाळ, जो सगळ्यांनी एकमेकांकडं ढकलला होता.

गावानं घाम पुसला, ओळीनं बसकण मारली, आणि गोजराबाईंनी विचारलं, "मंग? जेवान कशाचं हाय?"

साहेब हसले. "बाई, श्रमदानात जेवण नसतं."

"शरमदान कुटलं? ही इर्जिक हाय!"

मुळशीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की एकाच्या कामाला सगळं गाव आलं की ती इर्जिक, आणि ज्याच्या कामाला आलं त्यानं गावाला पोटभर जेवू घालायचं, तेही आपल्याच चुलीवरचं. शेतीवर योजना आखणाऱ्या आमच्या कचेरीला तेवढं ठाऊक नव्हतं. द्वारकेला आणि सारजाबाईंना ठाऊक होतं. गाड्या दिसल्याबरोबर त्यांनी डाळ निवडली होती, कणीक भिजवली होती, गूळ चिरला होता. राहिला होता तो फक्त विस्तव.

"ढीगभर लाकूड पडलंय की," साहेब म्हणाले.

"त्यातलं एकही ह्यांच्या घामाचं नाही," द्वारका म्हणाली.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "व्रत थोडं शिथिल करता येईल."

"न्हाई!" गोजराबाई उठून उभ्या राहिल्या. "आमच्या मारुतीम्होरं बोलल्यालं हाय ते. मोडलं तर गावाला लागंल. भाऊसायेब, येक लाकूड फोडा. येकच. मंग चूल पेटू द्या. पोरंबाळं उपाशी हायती."

आता सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. आजवर मी एकटाच उपाशी होतो, आता माझ्या एका घावापायी दोन वेण्या घातलेल्या पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे उपाशी बसले होते. मला खरंच रडू येईल असं वाटलं. ज्याला त्याला माझी दया आली, आणि जो तो आपली कुऱ्हाड द्यायला पुढं झाला. लोखंड हातातून हातात द्यायचं नसतं, भांडणं होतात, म्हणून प्रत्येकानं आपली कुऱ्हाड माझ्या पायाशी मांडली. आखूड, लांब, गालांच्या, बिनगालांच्या. मी कुऱ्हाडींच्या रिंगणात उभा. "माजी घ्या, हलकी हाय." "तिची नगा, सैल हाय." "ह्या कुऱ्हाडीनं माज्या आज्यानं चिंच फोडली व्हती!" आयुष्यात मला निवडीला एवढा वाव कधी मिळाला नव्हता. शहाण्या माणसानं त्यातली कुठलीही उचलली असती. मी अब्रूकडं बघितलं आणि मारुतीची उचलली. नथू लोहार गर्दीत छाती काढून उभा राहिला.

उरलेला गाठाळ ओंडका समोर ठेवला गेला. हैबतरावांनी बिगूल तोंडाला लावला, त्यांना मी हात जोडून थांबवलं. कुऱ्हाड कशीबशी डोक्यावर गेली. खाली ती आपल्याच वजनानं आली, मी फक्त तिच्याबरोबर आलो. कडाड असा आवाज झाला. "फुटलं!" कोणीतरी ओरडलं. मी डोळे उघडले. मारुती गदेसकट ओंडक्यात पार गाडला गेला होता, ओंडका शाबूत होता, आणि माझ्या हातात अर्धा दांडा होता. उरलेला अर्धा सारजाबाईंच्या तुळशीपाशी पडला होता.

बहिरूसुद्धा शेंग सोलायचा थांबला.

द्वारका आतून आली. तिनं माझ्या हातातला तुकडा काढून घेतला, तुळशीपाशी जाऊन दुसरा उचलला, आणि दोन्ही तुकडे वर धरून गावाला विचारलं, "हे लाकूडच ना?"

"व्हय," गोजराबाई म्हणाल्या.

"फोडलं कोणी?"

गोजराबाईंनी क्षणभर विचार केला, आणि मग त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. "भाऊसायेबांनी. समद्यांच्या देखत. घाम बी आलाय त्येंना, बगा की! पेटवा चूल. पयलं लाकूड त्येंचं, मागचं गावाचं. इर्जिकीत तसंच असतंय."

रोगण लावलेला साग फार छान जळतो. त्या दिवशी मी किती पुरणपोळ्या खाल्ल्या ते द्वारकेनं मोजलं नाही, ह्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. बहिरू माझ्याच पंगतीला होता. न बोलता तो माझ्यापेक्षा जास्त जेवला.

साहेबही जेवले, आणि जेवल्यावर बोलायला उभे राहिले. घामाचे मोती पुन्हा सांडले. शेवटी त्यांनी जाहीर केलं की करंबेळकरांच्या ह्या आदर्शाला अनुसरून उद्यापासून कचेरीतला प्रत्येक माणूस आपल्या घरचं लाकूड आपल्याच हातानं फोडील. टाळ्या फक्त गावानं वाजवल्या. माझे सहकारी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं बाभूळही फुटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऊन ऊन पाण्यानं अंघोळ करून चहा घेत बसलो होतो. मागच्या दाराची कडी वाजली. वाल्मीक उभा होता, बगलेत रिकामं पोतं.

"सायबांनी धाडलंय. फोडल्याली लाकडं द्या म्हनले पोतंभर. त्येंच्या बंबाला."

"साहेबांच्या बंबाचं लाकूड तू फोडतोस ना?"

"फोडत व्हतो. पर कालपास्नं मी फोडल्यालं चालत न्हाई न्हवं," वाल्मीक खाली मान घालून म्हणाला. "आन् तुमच्याकडं तर ढीग पडलाय."

द्वारकेनं स्वयंपाकघरातून माझ्याकडं बघितलं. मी चहाचा कप खाली ठेवला, वाल्मीकला अंगणात नेलं आणि ढिगाला वळसा घालून त्या गाठाळ ओंडक्यापाशी उभं केलं.

"हा घेऊन जा," मी म्हणालो. "कुऱ्हाड आतच आहे. दांडा तेवढा साहेबांनी आपला घालावा म्हणावं."